माझ्यासमोर दोन

रात्रीचे पावणेदोन. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

पाणी प्यायला उठले होते, अनवाणी. मागच्या खोलीत दार आणि कपाट यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेपाशी पाय ओल्यात पडला. मनात म्हटलं, झालं, आता हेही सुरू! वाकून वास घेतला (कुत्रं पाळलं की माणूस कशाकशाचा वास घ्यायला लागतो). शू नव्हती. बुळबुळीत होतं, अजून जरासं कोमट. लाळ. तळहाताएवढी फरशी ओली आणि कडेला दोन-तीन केस चिकटलेले. ठोंब्या आपल्या गादीवर वेटोळं करून, डोळे मिटून पडलेला. शेपटीचं टोक तेवढं एकदा हललं.

म्हणजे जागा होता.

मोबाइलच्या उजेडात पुढचा पंजा उलटा करून बघितला. बोटांच्या बेचक्या लालभडक आणि तळव्याच्या गाद्यांमधले केस विटकरी झालेले. वरून पंजा पांढराशुभ्र. लाळेत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याने पांढरे केस असे रंगतात, पण ते काही एका रात्रीचं काम नव्हे. मी रोज पंजे बघते. वरून बघते. अंघोळीत उलटे होतात, पण ओले केस तसेही काळपट दिसतात, आणि मला काही दिसायला नकोच होतं बहुधा.

कारण वही छान चालली होती. वहीत रोज रात्री खाजेचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे समोर खाणं ठेवलं, खेळायला बोलावलं तरी न थांबणारी खाज. सुरुवातीची पानं आठ, आठ, नऊ, आठ अशी आहेत. मग ओक्लासिटिनिब, म्हणजे खाजेची गोळी, सुरू झालं. पहिले चौदा दिवस दोनदा, मग एकदा. आकडे सहावर आले, चारवर आले, आणि गेले दहा दिवस दोन. सलग दोन. मी ते दोन शाळेतल्या पोरीसारखे वळणदार काढले आहेत. मंगळवारी डॉक्टरांना वही दाखवताना मान जरा ताठच होती माझी.

डॉक्टरांनी पानं उलटली आणि विचारलं, "हा आकडा तुम्ही समोर असतानाचा, की तो एकटा असतानाचा?"

राग आला होता मला. म्हटलं, मी दिवसभर घरात असते, एकटा कधी असतो तो! त्या काही बोलल्या नाहीत. आहे तोच डोस पुढे चालू ठेवायचं ठरलं आणि इंजेक्शनचा विषय मागे पडला. माझ्या वळणदार दोनमुळे मागे पडला, हे आता कळतंय.

तर गोष्ट अशी आहे की तो माझ्यापासून लपून चाटतो.

हे वाक्य लिहून पाच मिनिटं नुसती बसले होते.

खाज परत आली याचं मला एवढं काही वाटत नाही. ती येणारच. दीड वर्षाचा असताना पहिल्यांदा काखेत लाल झालं, तेव्हाच सांगितलं होतं की अ‍ॅटोपी आहे, म्हणजे कातडीची अ‍ॅलर्जी; हे साधारण याच वयात, सहा महिने ते तीन वर्षं, सुरू होतं, बरं होत नाही, आवरत राहायचं. आवरत आले आहे. पिसवांचं औषध बारा महिने, एक महिना न चुकवता. नव्या खाण्याचे आठ आठवडे, जे आईच्या अर्ध्या बिस्किटामुळे सहाव्या आठवड्यात शून्यावर आले आणि चौदा झाले (त्यावर पुन्हा लिहीत नाही). शेवटी जुनं खाणं परत सुरू करून बघितलं, पंधरा दिवसांत काही वाढलं नाही, म्हणजे दोष खाण्याचा नव्हता. धुळीतले माइट्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, परागकण, जे हवेत आहे ते. हवेशी कोण भांडणार? मग आठवड्याला गादीचं कव्हर कडक गरम पाण्यात. कानांचे थेंब. मध्ये ते यीस्टचं, आंबलेल्या पिठासारख्या वासाचं प्रकरण. टेपचा तुकडा कातडीवर दाबून काचपट्टीला लावला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवलं, शेंगदाण्यांसारख्या जांभळ्या पेशी, चिक्कार. त्याआधी स्टिरॉइडचे पंधरा दिवस, तेव्हा हा बादलीभर पाणी प्यायचा आणि मी रात्रीतून तीनदा खाली न्यायचे.

हे सगळं करते त्या माणसापासून लपतो तो!

बघा, हे असं होतं. दया यायला हवी कुत्र्याची आणि डोळ्यांत पाणी येतं स्वतःसाठी. तीन वर्षांत एक रात्र सलग झोपले नाही, कुठे राहायला गेले नाही, आणि इथे काय, तर दाराआड जाऊन. जणू मी सासू आहे.

पण दाराआड का? हे मला कळायला इतका वेळ लागायला नको होता. मी ओरडते. 'चप चप' आवाज आला की तोंडातून निघतंच, "ठोंब्या, नको!" स्वयंपाकघरातून, फोनवर बोलता बोलता, झोपेतसुद्धा. सुरुवातीला हळू म्हणायचे. मग चावून चावून जांघेत जखम झाली, तोंड पोचू नये म्हणून गळ्याभोवती तो कोन घातला, कोन घालून तो प्रत्येक चौकटीवर आपटायचा, ते बघवेना म्हणून कोन काढला आणि कोनाचं काम मी घेतलं. गळ्याभोवती माझा आवाज. तो थांबायचा. मला वाटायचं, ऐकतो बिचारा. ऐकत होताच. त्यातून शिकला एवढंच की ही समोर असताना करायचं नाही.

आणि मी वहीत लिहीत होते, दोन.

ठोंब्या हे नाव मी ठेवलं तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि स्वतःच्या शेपटीला घाबरायचा. आता मोजायला गेलं तर दिवसातून वीसदा तरी मी त्याला हाक मारते, आणि त्यातल्या पंधरा हाकांच्या पुढे 'नको' असतो. आपलं नाव 'ठोंब्यानको' आहे अशीच त्याची समजूत असेल. 

मला सगळ्यात लागतंय ते हे की मला माहीत होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. शरीरात इंटरल्यूकिन-३१ नावाचा एक निरोप्या तयार होतो, तो नसेच्या टोकाला जाऊन चिकटतो, आणि खाज मेंदूत पोचते. ते इंजेक्शन, लोकिवेटमॅब, त्या निरोप्यालाच वाटेत धरतं, चार ते आठ आठवडे. मी मान डोलावली होती, प्रश्न विचारले होते. घरी येऊन मात्र त्या नसेवर ओरडत बसले. माझ्या 'नको'ला तिथवर पोचायला वाटच नाही. तो पोचतो फक्त कुत्र्यापर्यंत.

मघाशी एक गंमत केली. गंमत कसली. घोट्यावर डास चावला होता, ठरवलं की खाजवायचं नाही. घड्याळ लावून बसले. पहिली दहा सेकंदं रुबाबात गेली. मग घोटा सोडून जगात दुसरं काही उरलं नाही. चाळीसाव्या सेकंदाला बोट हळूच, जणू माझ्याही नकळत, पायाकडे निघालं, आणि मी काय केलं असेल? ठोंब्याकडे बघितलं. तो बघतोय का ते.

तो बघत होता.

हसू आलं मला, एकटीलाच, रात्री दोन वाजता. खाजवलं कराकरा. त्याने कान टवकारले, पण 'नको' काही म्हणाला नाही. माझ्यापेक्षा बराच सभ्य आहे.

खरं तर एक वेळ अशी आहे जेव्हा तो लपत नाही. अंघोळीचे दिवस. क्लोरहेक्सिडिनचा, म्हणजे जंतुनाशक, शाम्पू लावला की दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो, लगेच धुतला तर उपयोग नाही. ती दहा मिनिटं मी न्हाणीघरात पाटावर बसते आणि फेसानं माखलेला हा प्राणी माझ्या गुडघ्यांच्या मध्ये उभा राहतो. थरथरतो. मी काखेत, बोटांच्या बेचक्यांत हळूहळू फेस चोळत राहते आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला तो आपलं सगळं वजन माझ्या अंगावर टाकतो. डोकं माझ्या काखेत. तेव्हा मी काही बोलत नसते. ओरडायला कारणच नसतं, तोंड माझ्या अंगावर टेकलेलं, चाटणार काय? फक्त घड्याळाची टिकटिक आणि त्याचा लांब श्वास. माझे सगळे कपडे भिजतात, शाम्पूचा तो दवाखान्यासारखा वास दोन दिवस हाताला राहतो. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? ज्याच्या त्याच्याकडे एक तेल असतं सांगायला, चोळा आणि बघा. चोळलं होतं एकदा. पाच मिनिटांत चाटून साफ केलं आणि रात्रभर पोट बिघडलं. तर सांगायचं हे की दहा मिनिटांचा कंटाळा मला कधी आलेला नाही. ती वाढवता येत नाहीत एवढंच.

सव्वादोन झाले. वही काढली. गेल्या दहा दिवसांचे दोन खोडावेत असं वाटलं, पण खोडाखोड बघून डॉक्टर काय म्हणतील ते आत्ताच ऐकू यायला लागलं. म्हणून प्रत्येक दोनच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'माझ्यासमोर'. दहा वेळा. मग उद्या फोन करायचा, इंजेक्शनचं परत विचारायचं, पंजे उलटे करून बघायचे, असं समासात टिपून ठेवलं. आणि ओरडायचं नाही. हे शेवटचं लिहिताना पेन जरा अडखळलं, कारण मी मला ओळखते. मला फार तर हळू ओरडता येईल. चेंडू टाकला, दुसरं काही सुचवलं तर लक्ष वळतं म्हणतात, चेंडू उशाशी घेऊन झोपावं लागणार.

दिवा मालवून पडले होते. गादीवरून तो उठल्याचं ऐकू आलं, नखं फरशीवर, टक टक टक, मग मध्येच थांबला. माझा कानोसा घेत असणार. मी श्वास लांबवला, गाढ झोपलेल्या माणसासारखा. बेरकी तो एकटाच नाही. नखं पुढे गेली. दाराआड. चप, चप, चप.

मी मोजत होते. चाळीसपर्यंत आले आणि नेमका खोकला आला. दाबला, तरी निसटला.

आवाज बंद. घरात काही म्हणता काही हलत नव्हतं. तो तिकडे जीभ आत घेऊन उभा, मी इकडे उशीत तोंड खुपसून. एवढा वेळ गेला की वाटलं, आता येऊन झोपेल.

चप.

मग जरा थांबून, चप, चप.

मी अंधारातच वही ओढली आणि चाचपडत सहा लिहिला.