वोबाँच्या गल्ल्यांतून

आज जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या वोबाँ वस्तीत मनसोक्त हिंडले. १९९२ पर्यंत इथे फ्रेंच सैन्याची छावणी होती. नकाशात कित्येक गल्ल्या पुढे बंद दिसतात, पण त्या बंद फक्त मोटारींना! पायी किंवा सायकलवर असाल तर पलीकडे जायला वाट असतेच. गाड्या वस्तीच्या कडेला, पार्किंगच्या इमारतींत. २००६ पासून ट्रामही दारात. किती मोकळं वाटलं चालताना!

शहर मात्र वाढतंच आहे. डीटेनबाख भागातल्या शेतांवर नवी वस्ती उभारायला २०१९ च्या मतदानात सुमारे ६० टक्के लोकांनी होकार दिला. शेतं जाणार म्हणून जीव तुटतो. तरी मी होकाराच्याच बाजूची. शहरात घर मिळालं नाही, तर माणसं आसपासच्या गावांत पांगणार आणि रोज मोटारीने ये-जा करणार.