आमची वाटचाल : वरुड ते बेनापोल

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात कोटिंग, म्हणजे फळ धुऊन त्यावर मेणाचा पातळ थर चढवणं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वडिलांची संत्र्याची आडत होती, मी धुलाई-वॅक्सिंगचं मशीन टाकलं. पुढे आंबिया आला, मृग आला, म्हणजे संत्र्याचे दोन्ही बहार आले, गाड्या भरल्या, गाड्या गेल्या. त्या वर्षांचं काय लिहायचं?

मशीनचं मात्र लिहितो. आपल्या संत्र्याची साल ढिली. पंजाबकडच्या घट्ट सालीच्या किन्नूसाठी बनलेलं मशीन जसंच्या तसं लावलं की कडक ब्रश साल घासतो आणि दोन-तीन दिवसांत तिथं डाग उठतो. नवीन युनिट टाकणाऱ्या पोरांनो, आधी ब्रश बदला. नरम, घोड्याच्या केसांचे घ्या. रात्री कोमट पाण्यानं धुतल्याशिवाय शटर ओढू नका, वॅक्स थिजला की ब्रशचा दगड होतो.

आमचा खरा आधार म्हणजे ढाक्याचे एक आयातदार, आम्ही त्यांना दादा म्हणतो. एलसी, म्हणजे पैशाची बँकेची हमी, वेळेवर उघडणार. सीमेवर आपल्या बाजूच्या पेट्रापोलला गाडी अडली, पलीकडे बेनापोलला माल दुसऱ्या गाडीत भरताना कॅरेट दबले, तरी उगाच कटती लावणार नाहीत, पैसे कापणार नाहीत.

मग बांगलादेशचं संत्र्यावरचं आयात शुल्क चढत गेलं. 2019 ला किलोमागे 20 टका होतं, 2023 ला 88. शेजारी देशांनी आपसात व्यापार मोकळा करावा म्हणून 2004 ला इस्लामाबादेत साफ्टा करार झाला, 2006 पासून लागूही झाला. पण प्रत्येक देशानं आपापली संवेदनशील मालाची, म्हणजे ज्यावर शुल्कात सवलत द्यायची नाही अशा मालाची, यादी काढून ठेवली. करार दिल्ली-ढाक्याचा, अन् भाव पडतो आमच्या बांधावर.

त्याच हंगामात आमच्याच धंद्यातल्या एका भल्या माणसानं गावोगाव उठवलं, 'त्याचं बांगलादेश बुडालं, आता चेक वटणार नाही.' ज्यांचे बगिचे इसार देऊन ठेवले होते, ते शेतकरी सकाळीच दारात. सगळ्यांचा हिशेब चुकता केला, त्यासाठी दुसरं मशीन भंगाराच्या भावात काढलं. घेणारा कोण, तर त्याच भल्या माणसाचा साळा! ब्रश माझेच, नरमवाले. राज्य सरकारनं अर्ध्या शुल्काइतकं अनुदान जाहीर केलं, पण तोवर मशीन त्याच्या शेडमध्ये बसलं होतं.

आता बराचसा माल दिल्लीला जातो. दादांचा फोन येतो, ते आंबियाचा रंग विचारतात, मी शुल्क विचारतो. जमलं तर गाडी भरतो, पण दर आधी लिहून घेतो.