चाकणला काच वाकवतात तिथे

पुण्याहून चाकणला जायचं म्हणजे मोशीच्या पुढे कंटेनरच्या मागे रांगत राहायचं. १६६० साली इथल्या भुईकोटापाशी फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला दीड-दोन महिने अडवून धरलं होतं. हल्ली तेच काम तळेगाव चौक करतो.

मित्राच्या ओळखीने गाड्यांच्या काचा बनवणाऱ्या एका कारखान्यात शिरायला मिळालं. मोबाइल गेटवरच जमा, त्यामुळे फोटो नाहीत.

मागच्या आणि दाराच्या काचा इथे सपाट येतात. कापणं, कडा घासणं, भोकं पाडणं सगळं आधीच उरकायचं, कारण एकदा टफन झालेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेल्या काचेला कापायची हिरकणी लावली की तिचा चुराच होतो. मग रोलरवरून ती भट्टीत जाते. सहाशे-साडेसहाशे अंशांना ती लालभडक दिसेल असं मला वाटलं होतं. छे! बाहेर आली ती पारदर्शकच, फक्त तव्यावरून नुकत्याच काढलेल्या पापडासारखी वळवाल तशी वळणारी.

वरून साचा खाली येतो. त्याच्या तळाला बारीक भोकं असतात, त्यांतून व्हॅक्यूम हवा ओढून घेतो आणि काच उचलून साच्याला चिकटते. खालची चौकट फक्त कडा दाबते. मधला बाक आणायचं काम व्हॅक्यूमचं. आम्हाला फिरवणारे सुपरवायझर म्हणाले, "ओढायला कुणीही ओढेल साहेब, पण किती ओढायचं त्यात मेख आहे." जोर जास्त झाला तर भोकांचे ठसे उमटतात. काच जास्त तापली तर रोलरची लाट दिसते, कमी तापली तर तडकते. भोकांचे ठसे उमटू नयेत म्हणून साच्यावर उष्णता सोसणारं विणलेलं कापड ताणून बसवलेलं असतं. एवढी अवजड यंत्रं, आणि सगळा आटापिटा काचेवर खूण राहू नये म्हणून! मला तरी ही धातुकामापेक्षा नाजूक कारागिरी वाटली.

पुढचं क्षणात होतं. व्हॅक्यूम सुटतो, काच चौकटीवर उतरते आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सुरू होतात. आवाज इतका, की बोलणं खुणांवरच. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायमचा दाबून ठेवतो. फुटली तर बारीक खडे व्हावेत, ते याच दाबामुळे. नमुन्याची काच मुद्दाम फोडून ५ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनातले तुकडे मोजतात. चाळिसाच्या खाली आले तर ती नापास.

समोरची काच वेगळी: दोन पातळ काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पडदा.

पार्किंगमध्ये सुपरवायझरांनी आपला पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल माझ्या हातात दिला आणि एका गाडीची मागची काच बघायला सांगितलं. तिच्यावर ओळीने काळसर ठिपके! दोष नाही तो. जिथे जिथे झोत लागले, तिथली काच जरा आधी थंड झाली, एवढंच. तुम्हीही बघा, उन्हं तिरकी असताना छान दिसतात. समोरच्या काचेत मात्र शोधू नका, ती टफन करत नाहीत.