तुम्ही विचारलंत म्हणून: तांदूळ फुकट मिळतो, मग पिशव्या कशाला?

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी देवळाच्या पायरीवर, परवा तर चुलत दिरांनी फॅमिली ग्रुपवरच टाकला, "वहिनी, सरकार फुकट तांदूळ देतंय ना, मग तुम्ही दर महिन्याला पिशव्या कोणाला वाटता? गोव्यात उपाशी आहे तरी कोण?" तेव्हा मी नारळ खवत होते, म्हणून नुसते हात जोडलेला इमोजी टाकला. आता बसून लिहिते.

आधी पिशवीत काय असतं ते सांगते. 3 किलो उकडे तांदूळ, किलोभर तूरडाळ, लिटरभर तेल, साखर, चहापावडर, एक साबण. डिचोली भागातल्या आम्ही सहाजणी, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्या पडवीत बसून भरतो. सध्या 26 पिशव्या. संस्था वगैरे काही नाही, पावतीपुस्तकही नाही, एक वही आहे.

सुरू झालं मार्च 2020 मध्ये. लॉकडाऊनचे पहिले दिवस आठवतात ना, गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती, बेळगावहून येणारी भाजी अडकली, आणि आपलं अर्धं ताट घाटापलीकडून येतं हे लोकांना तेव्हा कळलं. सासरे म्हणाले, "यात नवीन काही नाही, आम्ही बघितलंय." पन्नासच्या दशकात भारताने पोर्तुगीजांची नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे आणि तांदूळ पाकिस्तानातून. हॉलंडचे बटाटे गोड लागायचे म्हणे. (खरं खोटं त्यांनाच माहीत, ते तेव्हा शाळेत होते.)

बरं, फुकट तांदूळ. तो मिळतो, चांगली गोष्ट आहे, आणि ज्यांना मिळतो त्यांच्या घरात खरंच फरक पडलाय, ते मी नाकारत नाही. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे, त्यात माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कार्ड (सगळ्यात गरीब घरांना मिळतं ते) असेल तर घराला 35 किलो. आधी तांदळाला 3 रुपये किलो द्यावे लागायचे, जानेवारी 2023 पासून तेही माफ, आणि 2024 पासून पुढे पाच वर्षं फुकटच म्हणून जाहीर झालंय. पण हे मिळणार कोणाला, तर यादीत नाव असेल त्याला. आणि ती यादी किती लांब असू शकते तेही वरूनच ठरलंय, गोव्यासाठी साधारण 5 लाख 32 हजार माणसं, हिशोब 2011 च्या जनगणनेचा. म्हणजे पंगतीत पानं मोजून मांडलीत. त्यानंतर जन्मलेली पोरं आता शाळेत जायला लागली, माणसं कामाला आली, कोणाचा नवरा गेला, पण पानं तेवढीच. नवीन माणूस आला की कोणीतरी उठेपर्यंत दारात उभं राहायचं.

आमच्या 26 पैकी निम्म्या पिशव्या या दारात उभ्या राहिलेल्यांच्या आहेत. एक सून आहे, सावंतवाडीकडची. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा म्हणून इथल्या कचेरीत सांगितलं, तो तिने आणला, मग त्यावर शिक्का पुसट आहे म्हणून परत पाठवलं, आता बाळ चालायला लागलं तरी दोघांचं नाव कुठेच नाही, तिथलं गेलं आणि इथलं आलं नाही.

दुसरी माझ्याच वयाची, काजूच्या फॅक्टरीत काजू फोडते. त्या टरफलात तेल असतं, ते बोटांना लागून लागून कातडं काळं पडतं आणि सोलवटून निघतं, राख लावा नाहीतर खोबरेल लावा. तिच्या कार्डावर नाव आहे, सगळं रीतसर आहे, पण रेशनच्या सोसायटीत मशीनवर अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणतं. एकदा मी बरोबर गेले होते. सोसायटीतला मुलगा चांगला आहे, त्याने तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, मग तर्जनी लावून बघितली, मग डावा हात, मागे पंधरा माणसं ताटकळलेली, आणि ती दर वेळी बोट पदराला पुसून परत पुढे करत होती, जणू चूक तिचीच. मोबाइलवर ओटीपी येतो म्हणे अशा वेळी, पण नंबर दिलाय मुलाचा आणि मुलगा असतो कारवारला. दिरांनी पुढे असंही लिहिलं होतं की फुकट दिलं की लोक आळशी होतात. भाऊ, ती पहाटे पाचला उठते, तुम्ही किती वाजता उठता ते मला ठाऊक आहे.

आणि तांदूळ म्हणजे काही जेवण नाही हो. आमच्याकडे पेज लागते, आणि पेज उकड्याची. रेशनवर मिळतो तो सुरय, म्हणजे न उकडलेला. एक म्हातारी दर वेळी मला ऐकवते, "बाय, ह्या तांदळाची पेज जायना गो," म्हणजे होत नाही. शिवाय ती त्यातले काही दाणे वेचून टाकायची, प्लास्टिकचा तांदूळ आहे म्हणून. ते प्लास्टिक नसतं. रेशनच्या तांदळात काही वर्षांपूर्वी शंभर दाण्यांमागे एक पोषक दाणा मिसळायला लागले, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून बनवलेला, म्हणून रंग जरा वेगळा दिसतो आणि पाण्यात तरंगतो. एवढी कोट्यवधींची योजना, आणि दुकानात हे दोन वाक्यांत सांगायला कोणी नाही. म्हातारी वर्षभर लोह वेचून कोंबड्यांना घालत होती, कोंबड्या मात्र टुणटुणीत.

डाळीचं तर बोलायलाच नको. कोविडच्या काळात लोकांसाठी म्हणून घेतलेली 240 टनांच्या आसपास तूरडाळ गोदामात पडून खराब झाली, 2022 मध्ये पेपरात आलं होतं. त्याच महिन्यात आम्ही डाळ महागली म्हणून पिशवीत किलोऐवजी अर्धा किलो घालत होतो. तो राग माझा अजून गेलेला नाही.

आता राजकारण्यांचं. आश्वासनं द्यायला कोणी कमी करत नाही. 2022 च्या निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात प्रत्येक घराला वर्षाला तीन सिलिंडर फुकट होते, नंतर योजना आली ती अंत्योदय कार्डवाल्यांना महिन्याला 275 रुपये. आले ते बरंच झालं, पण परत तेच, कार्ड असेल तर. म्हणून दारात कोणी मतं मागायला आलं की मी किराणा मालाचं किट मागत नाही, एकच विचारते, यादीत नवीन नावं कधी घेणार आणि त्याची तारीख सांगा. आणि दुसरं म्हणजे, या कायद्याच्या कलम 8 मध्ये लिहिलंय की हक्काचं धान्य दिलं नाही तर सरकारने त्याबदली पैसे द्यायचे, अन्न सुरक्षा भत्ता. मशीनने अंगठा नाकारला त्या महिन्याचा भत्ता काजूवालीला मिळेल का? यावर बहुतेक जण पाणी मागतात. प्यायला.

गेल्या खेपेला एका उमेदवाराचा माणूस आला, तरुण मुलगा, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मी त्याला तीन नावं कागदावर लिहून दिली, सुनेचं, बाळाचं आणि अंगठेवालीचं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "ताई, एकूण किती किट पाठवू?"

गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात किटं रिक्षातून आली, न सांगता. रवा, साखर, एक तेलाची पिशवी, वर साहेबांचा हसरा फोटो छापलेला. कापड जाड आहे, शिवणही पक्की. आम्ही त्या पिशव्या उलट्या करून वापरतो.