तुम्ही विचारलंत म्हणून: खाडीला वास का येतो?

मी खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंवर काम करते हे कळलं, की ऐरोली-वाशीकडच्या माणसांचा प्रश्न ठरलेला असतो: "ओहोटीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो गटाराचाच ना?"

ठाणे खाडीत सांडपाणी येतं आणि त्यामुळे वास वाढतो, हे खरंच. पण जिथे सांडपाण्याचा थेंबही पोचत नाही, अशा खाडीतही तिवरांखालचा चिखल उकरून बघा. तोच वास येईल.

चिखलाचा उभा काप घेतला की वर डायटमांचा (सूक्ष्म, एकपेशीय शैवालांचा) पातळ तपकिरी थर दिसतो आणि काही मिलिमीटर खाली गेलं की एकदम काळं. त्या काळ्यात मध्येच एखादं खेकड्याचं बीळ लागतं, त्याच्या कडा गंजासारख्या तांबूस असतात, कारण तेवढ्याच जागी हवा पोचलेली असते. काळा तुकडा उघड्यावर ठेवला तर तोही कडेकडेने तपकिरी होत जातो.

तिवरांची पानं गळतात, खेकडे ती कुरतडतात, बुरशी आणि जिवाणू त्यांना लागतात. वरच्या वर मिळेल तो ऑक्सिजन यातच संपतो. खाली उरलेल्या पाल्याचं, मेलेल्या मुळांचं काय होणार? समुद्राच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन असतो जेमतेम ६-७ मिलिग्रॅम, सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजन मिळून झालेला, पाण्यात विरघळलेला घटक) मात्र सुमारे २.७ ग्रॅम! खालचे जिवाणू श्वासाला हे सल्फेटच वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तुमच्या नाकाला कळतो. त्यातला बराचसा चिखलातल्या लोहाशी जुळून काळा पडतो आणि पुढे पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) होऊन तिथेच राहतो.

हे काम किती मोठं आहे, ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या ग्रेट सिपेविसेट या खाऱ्या गवताळ दलदलीत हॉवर्थ आणि टील या संशोधकांनी मोजलं. १९७९ साली त्यांनी दाखवून दिलं, की तिथल्या मातीत कुजण्याचं काम ऑक्सिजनपेक्षा सल्फेटवर जास्त चालतं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की सल्फेट भरपूर असलं की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या वाट्याला फारसं खाद्य उरत नाही. म्हणून खाऱ्या चिखलातून मिथेन सहसा गोड्या पाण्याच्या दलदलीपेक्षा कमी निघतो. शिवाय कुजणं सावकाश होत असल्यामुळे बराच कार्बन खाली गाडलेला राहतो.

यावर पुढचा प्रश्न येतो: मग बांध घालून ती जागा सुकवली तर वास जाईल ना? वास जाईल, हो. पण भरती अडली आणि चिखल सुकला, की आत हवा शिरते, पायराइटचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि पहिल्या पावसात ते शेजारच्या ओढ्यात उतरतं, माशांच्या कल्ल्यांपर्यंत. गाडलेला कार्बनही मग हवेच्या तावडीत सापडतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाऊ लागतो.