तुम्ही विचारलंत म्हणून: 'लामी' की 'लेम'?

'भाषा स्वतःच रचायची, तर अनेकवचनाला एक प्रत्यय लावून मोकळं व्हावं. आतला स्वर कशाला बदलायचा?' हे मला इतक्यांदा विचारून झालंय, की एकदाचं लिहूनच टाकतो.

माझ्या भाषेत ओढा म्हणजे 'लाम', ओढे म्हणजे 'लेम'. पूर्वी ओढ्यांना 'लामी' म्हणत. पुढे येणाऱ्या 'ई'च्या ओढीनं आधीचा 'आ' बदलून 'लेमी' झालं, मग तो 'ई'ही गळाला. कारण गेलं, खूण राहिली. कादंबरीकार टोल्किननं आपल्या कथांसाठी रचलेल्या सिंदारिन भाषेत हेच केलंय: माणूस 'अदन', माणसं 'एदाइन'. झामेनहॉफनं १८८७ साली एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा मांडताना असलं काही ठेवलं नाही, आणि ते योग्यच होतं. त्याला ती जगानं चटकन शिकायला हवी होती. मला माझ्या भाषेला भूतकाळ हवा होता. देऊळ–देवळात, पाऊस–पावसात म्हणताना तुम्ही कुठे अडता? उलट कुणी 'देऊळात' म्हणालं तर खटकतं.

हे सगळं मी तावातावानं सांगतो. जे सांगत नाही ते असं, की ही भाषा बोलणारं दुसरं एकच माणूस होतं: माझी धाकटी बहीण. ती आठ वर्षांची होती तेव्हा आम्ही 'लामी'च म्हणायचो. पुढे कॉलेजात मी भाषाविज्ञान वाचलं आणि एका सुट्टीत सगळे नियम बसवले. त्याच वर्षी ती होस्टेलवर गेली. तिथून तिनं आमच्या भाषेत पत्र लिहिलं, पाठपोट दोन पानं. करमत नव्हतं तिला. गावच्या ओढ्यांबद्दलच लिहिलं होतं. मी लाल पेनानं सात ठिकाणी 'लामी' खोडलं, वर 'लेम' लिहिलं आणि पत्र परत पाठवलं. पुढचं पत्र मराठीत आलं. 'दादा, तुझी भाषा मला येत नाही.'

तुझी. तोवर ती आमची होती.

तेव्हाचा मी म्हणेन, नियम म्हणजे नियम. पण स्वर बदलतात ते बोलणाऱ्यांच्या तोंडी, आणि मी ते वहीत बदलले. माझ्याच नियमांनी पाहिलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती जुनं रूप बोलत होती.

तरीही 'लेम' मी मागे घेतलेलं नाही. कानाला तेच खरं वाटतं. वहीत 'लामी'पुढे आता 'वरच्या खोऱ्यातली बोली, अजून चालू' अशी नोंद केलीय. तिला दाखवलेली नाही.