मॅग्नोलियाची हजेरी

न्यू ऑर्लिन्सला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. ओट्यावरच्या दुधावर बारीक वलयं उठत होती. बाहेर गल्लीत एक गाडी उभी होती, तिची डिकी उघडी होती आणि आत हे एवढे मोठे स्पीकर. वाजत होतं ते बाऊन्स, या शहराचं स्वतःचं हिप हॉप. ठेका पळता, ओळी तोकड्या. गाणारा हाक देतो, गर्दी ओ देते आणि सगळे कमरेतून नाचतात. इथल्याच गायिका बिग फ्रीडियामुळे ते आता जगभर पोचलंय.

माझा ऑफिसातला सहकारी न्यूयॉर्कचा, क्वीन्समध्ये वाढलेला. "याला हिप हॉप म्हणू नकोस. यात शब्दच नाहीत, नुसती नावं पुकारतात आणि नाचतात," असं तो तळमळून सांगतो. न्यूयॉर्क विरुद्ध दक्षिणेकडची शहरं हा वाद जुनाच आहे. १९९५ मध्ये 'सोर्स' या हिप हॉप मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला बक्षीस मिळालं तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. २००६ च्या जानेवारीत अटलांटाच्याच डी फोर एल या गटाचं नाचाचं गाणं बिलबोर्ड या अमेरिकन गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या नास या रॅपरने अल्बमचं नावच ठेवलं, 'हिप हॉप इज डेड'.

मला हे पटत नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्सच्या एका पार्टीत डीजे कूल हर्कने, जिथून हिप हॉप सुरू झालं असं मानतात, रेकॉर्डमधला फक्त ड्रमचा तुकडा लांबवायला सुरुवात केली ती कुणासाठी? त्या तुकड्याची वाट बघत थांबलेल्या नाचणाऱ्यांसाठीच ना! आणि बाऊन्सचा मूळ ठेका तर क्वीन्सचाच आहे. शोबॉइज या जोडीच्या १९८६ च्या 'ड्रॅग रॅप'मधला. तिकडे ते गाणं मागे पडलं, इथल्या डीजेंनी ते कापून, जोडून त्यावर शेकडो गाणी उभी केली.

राहिली ती नावं. त्यांच्याबद्दल मलाही परवापर्यंत नीट कळलं नव्हतं.

शेजारच्या बाईंनी गल्लीतल्या पार्टीला बोलावलं. त्यांची बहीण ह्यूस्टनहून आली होती. डीजे पुकारत होता, "थर्ड वॉर्ड?" एका कोपऱ्यातून आरोळी. "सेवन्थ वॉर्ड?" दुसरीकडून. मग वसाहती: कॅलिओप, मेलपोमेन, मॅग्नोलिया. "मॅग्नोलिया" म्हटल्याबरोबर बहिणीने हातातली प्लेट माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली.

मॅग्नोलिया ही गरिबांसाठी बांधलेली सरकारी वसाहत. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळात बंधारे फुटले, शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्यात गेला, माणसं ह्यूस्टन, अटलांटाला पांगली. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने चार मोठ्या वसाहती पाडायला एकमताने मंजुरी दिली, सुमारे साडेचार हजार घरं. मॅग्नोलियाच्या उरलेल्या इमारती आणि कॅलिओप त्यातच गेल्या.

म्हणजे डीजे हजेरी घेत होता. पत्ता उरला नाही त्या घरांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि त्यांची बहीण मला तिथे घेऊन गेल्या. आता तिथे नवी, रंगीत घरं आहेत. बहीण एका कुंपणाशी थांबली, हाताने हवेतच पायऱ्या दाखवत म्हणाली, "इथे आमचा जिना होता. तिसऱ्या पायरीवर रेडिओ ठेवायचो."

सहकाऱ्याला मी पुढच्या पार्टीला घेऊन जाणार आहे. बाईंना सांगूनही ठेवलंय.